टॉन्सिलचा सहावा दिवस

मी निवृत्त स्टाफ नर्स. नोकरीच्या २८ वर्षांतली ११ वर्षं कान-नाक-घसा विभागात गेली, काही वॉर्डात, काही थिएटरात. टॉन्सिलचे पेशंट किती पाहिले याची मोजदाद नाही. तरी यंदा जानेवारीत माझा भाचा टॉन्सिल काढून माझ्याकडे सदाशिव पेठेत राहायला आला आणि आठवडा उलटायच्या आत मला कळून चुकलं, की टॉन्सिलचा सहावा दिवस मी आजवर पाहिलेलाच नव्हता. आमच्याकडून पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जायचा. हसत जायचा, आइस्क्रीम कोणतं चालेल ते विचारून जायचा. पुढचं सगळं त्याच्या आईने नाहीतर बायकोने निस्तरलेलं. आम्हाला ठाऊक होते ते पहिले चोवीस तास.

उरलेले दिवस कसे जातात ते इथे लिहिते आहे. हाताला वळण असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून वही घातली होती: किती वाजता कोणतं औषध, पोटात किती पाणी गेलं, दहापैकी किती दुखतंय, ताप, लघवीचा रंग, वजन. भाच्याला विचारूनच लिहिते आहे. "नाव तेवढं घालू नकोस मावशी, पोरं चिडवतील," एवढीच त्याची अट.

घसा आणि निर्णय

वय ३२, वजन ७१.५ किलो. सिगारेट नाही, रक्तदाब-मधुमेह नाही. नवी पेठेतल्या एका क्लासात एमपीएससीच्या मुलांना आधुनिक भारताचा इतिहास शिकवतो. शे-दीडशे मुलं, एकामागून एक बॅच, दिवसाला पाच-सहा तास उभं राहून बोलणं. माइक आहे, पण त्याची बॅटरी नेमकी १८५७ च्या उठावाला मान टाकते असं तो म्हणतो.

मागच्या वर्षभरात त्याचा घसा सात वेळा धरला होता. नुसती खवखव नव्हे. १०१-१०२ ताप, घोट घेताना डोळ्यांत पाणी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली गाठी. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स आणि बुडालेल्या बॅचा. गणपतीत तर डाव्या टॉन्सिलच्या मागे पू साठला. तोंड दोन बोटंही उघडेना, लाळ गिळवेना, आवाज तोंडात घास धरून बोलावं तसा. तेव्हा सुईने पू काढून सलाइनमधून औषधं द्यावी लागली. सूज ताजी असताना टॉन्सिल काढणं अवघड जातं, म्हणून सर्जनने ते शमू दिलं आणि नंतरची तारीख दिली.

सात हा आकडा डॉक्टर लोक मोजतात त्याला कारण आहे. पिट्सबर्गच्या पॅराडाइज या डॉक्टरांनी १९८४ साली मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निवडीचा निकष होता: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरसाल पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरसाल तीन वेळा. निकष मुलांचा, पण मोठ्यांनाही तोच लावतात. मोठ्यांवरचा चांगला पुरावा बऱ्याच उशिरा आला. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ४५३ प्रौढांचा अभ्यास छापून आला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया ठरवली, निम्म्यांना औषधांवर ठेवलं. दोन वर्षांत घसा दुखल्याचे दिवस शस्त्रक्रियेवाल्यांत २३ आणि दुसऱ्या गटात ३० भरले, म्हणजे सगळ्यांना दिवसांच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर मधल्या माणसाचे. शस्त्रक्रियेवाल्यांपैकी १९ टक्के लोकांना कधी ना कधी रक्त आलं.

"सात दिवसांसाठी गळा कापून घ्यायचा?" भाच्याने विचारलं. मी म्हटलं, मधला माणूस तू नाहीस. ज्याच्या टॉन्सिलमागे एकदा पू झाला, त्याला परत होऊ शकतो, आणि त्या रात्री तुझी अवस्था मी पाहिली आहे. शिवाय डावं टॉन्सिल उजव्याच्या दीडपट दिसत होतं. मोठ्या माणसात एकाच बाजूचं टॉन्सिल वाढलेलं असेल तर ते तपासायला पाठवतातच. क्वचित त्यात लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघतो. (याचं काही निघालं नाही. जुनाट सूज, एवढाच रिपोर्ट.)

प्रतिकारशक्तीचं काय, हे त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, तीनदा विचारलं. जिभेच्या मुळाशी आणि नाकामागे याच जातीची ऊती असते, ती जागेवर राहते. मोठ्या माणसाचं त्यावर भागतं.

मेडिक्लेमबद्दल एकच सांगते: बऱ्याच पॉलिसींत टॉन्सिलला दोन वर्षांची प्रतीक्षा असते. तारीख घेण्याआधी पॉलिसी काढून बघा. याची दोन वर्षं डिसेंबरात भरली, म्हणून जानेवारी.

८ जानेवारी

शस्त्रक्रिया पन्नास मिनिटं चालली. जुन्या पद्धतीने चिमटा-कात्रीने सोडवून, रक्तवाहिन्या बायपोलर नावाच्या विजेच्या चिमट्याने शेकून बंद केल्या. डावी बाजू चिवट निघाली. लहान मुलाचं टॉन्सिल सालीतून फळ सुटावं तसं सुटतं. मोठ्या माणसात वर्षानुवर्षांच्या सुजेने ते खालच्या स्नायूला चिकटलेलं असतं, आणि एकदा पू होऊन गेला असेल तर तिथे व्रणाची गच्च ऊती झालेली असते. ती सोडवायला खणावं लागतं, आणि जेवढं खणलं तेवढं नंतर दुखतं.

बाहेरच्याला न दिसणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टॉन्सिल काढलेल्या जागी टाके घालत नाहीत. घशाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या सुपारीएवढी उघडी जखम राहते, ती तळापासून भरून येते, आणि माणूस जेवढ्या वेळा आवंढा गिळेल तेवढ्या वेळा तिच्याखालचा स्नायू हलतो.

शुद्धीवर आल्यावर जीभ बधिर, जबडा अवघडलेला. शस्त्रक्रियेत तोंड उघडं ठेवायला जो बॉइल-डेव्हिस गॅग लावतात, त्याची पट्टी जिभेवर दाबून बसते. त्याचंच हे दुखणं. ताई घाबरली होती, तिला हे सांगितल्यावर जरा शांत झाली.

फसवे तीन दिवस

९ तारखेला सकाळी डिस्चार्ज. कागदावर होतं ते असं: पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीन वेळा, तीन दिवस; त्यानंतर 'दुखल्यास'. अँटिबायोटिक पाच दिवस. गुळण्या. मऊ, थंड आहार. आठवड्याने दाखवणे. बाकी कोऱ्या जागेवर रुग्णालयाचा शिक्का.

पहिले तीन दिवस तो इतका बरा होता की मलाच हसू येत होतं. भूल देतानाच शिरेतून स्टेरॉइड आणि वेदनाशामकं दिलेली असतात, त्यांचा अंमल उतरायला वेळ लागतो. पडजीभ सुजून जिभेवर टेकत होती, आडवं झालं की घुसमट वाटायची, म्हणून तीन उश्यांवर अर्धवट बसवून झोपवलं. ताप शंभराच्या आत. आइस्क्रीम, पेज, मोबाइलवर क्रिकेट. ताईने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "बरा आहे की हा! उगीच रजा टाकली मी." ११ तारखेच्या दुपारच्या एसटीने ती साताऱ्याला परत गेली.

दरम्यान एका आत्याने व्हिडिओ कॉलवर त्याला आ करायला लावलं आणि ओरडली, "अहो, पू झालाय! सगळं पांढरंफटक आहे!" तो पू नव्हता. कोपराला खरचटलं की खपली धरते ना, तशीच ही खपली. ओल्या जागेत ती काळी-कडक न होता पांढरट-पिवळी, मऊ राहते. दुसऱ्याच दिवशी धरते आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते. तोंडाला घाण वास येतो तोही तिचाच. हे तीनशे वेळा पेशंटना सांगितलेलं असल्यामुळे मला पाठ होतं. पाठ नव्हतं ते पुढचं.

वहीतल्या नोंदी जशा आहेत तशा देते.

११ जाने., दिवस ३. पाणी १७०० मिली. दुखणं ४. गोळी ३ वेळा. गुरगुट्या भात दोनदा. खुशीत.

१२ जाने., दिवस ४. पाणी १२००. दुखणं ६. मागितली तेव्हा गोळी, एकूण २. दोन्ही कान ठणकतात, उजवा जास्त.

१३ जाने., दिवस ५. पाणी ९००. दुखणं ८. पहाटे पाचला उठून बसला, रडवेला. लघवी गडद पिवळी.

१४ जाने., दिवस ६. पाणी ७००. दुखणं ८-९. वजन ६८.४. बोलत नाही, पाटीवर लिहितो.

आज ह्या चार ओळी वाचताना माझाच मला राग येतो. कागदावर 'दुखल्यास' लिहिलं होतं, मी 'दुखल्यास' दिलं. २८ वर्षं लिहिलेल्या ऑर्डरीप्रमाणे औषध देणाऱ्या बाईचा हात कागदाबाहेर जात नाही. पण बघा ना काय झालं: खपली सुटायला लागली, खालची उघडी ऊती हवेला आणि अन्नाला लागायला लागली, दुखणं चढायला लागलं, आणि नेमकी त्याच दिवशी घड्याळी औषधं थांबली. दुखतं म्हणून तो पीत नव्हता. पीत नव्हता म्हणून घसा कोरडा पडत होता, आणि कोरडा घसा आणखी दुखत होता. त्यातून पुण्याची जानेवारीतली हवा. पहाटे पारा दहाच्या आसपास, ओठ फुटावेत असा कोरडेपणा. नाक चोंदलं की तोंड उघडं ठेवून झोपायचं, आणि पहाटे उठून पहिला आवंढा गिळायचा. तो पहिला आवंढा म्हणजे काचा गिळल्यासारखं, असं त्याने पाटीवर लिहिलं होतं.

कानाचंही सांगते. तो मेडिकलमधून कानात घालायचे थेंब आणायला निघाला होता. कानाला काही झालेलं नव्हतं. टॉन्सिलच्या जागेला आणि मधल्या कानाला एकाच नसेचे फाटे जातात, मेंदूतून निघणाऱ्या नवव्या नसेचे. जखम घशात, ठणका कानात. टॉर्च लावून कान पाहिला, स्वच्छ होता. थेंब वाचले.

खाणं, आणि संक्रांत

मऊ आणि थंड, एवढ्या दोन शब्दांवर पंधरा दिवस काढता येत नाहीत. शिवाय ते पूर्ण खरंही नाही. गिळण्याने आणि चावण्याने घशाचे स्नायू हलते राहतात, जबडा आखडत नाही, खपली वेळेवर सुटते. म्हणून ब्रिटनमध्ये तर लवकरात लवकर नेहमीचं जेवा असं सांगतात. आमच्या वॉर्डात मात्र आठ दिवस पातळ चालायचं. मी मधला रस्ता धरला आणि स्वयंपाकघरात जे जमलं ते लिहून ठेवलं.

सगळ्यांत वर गुरगुट्या भात. तांदूळ भरपूर पाण्यात घोटून शिजवलेला, वर दोन चमचे साजूक तूप, मीठ बेताचं, कोमट. गरम नको. त्यावर हौसेने मेतकूट घातलं तर त्यातली सुंठ आणि मोहरी झोंबली, परत नाही. मुगाची खिचडी चालली, फोडणीशिवाय. साबुदाण्याची खीर आवडली, गुळगुळीत उतरते. रव्याचा शिरा आश्चर्यकारकरीत्या वाईट: कण जखमेत अडकतात. दही आणि ताक आंबट, चटका बसतो. टोमॅटोचं सार तर नावही काढू नका. नाचणीचं सत्त्व दुधात, उत्तम. दूध घेतल्यावर घशात चिकट वाटतं, त्यावर दोन घोट पाणी पाजलं की झालं. प्रत्येक खाण्याआधी चमचाभर मध चाटवायचे. मधाने टॉन्सिलनंतरचं दुखणं कमी होतं असं दाखवणारे अभ्यास आहेत, बरेचसे मुलांवरचे. याला तरी बरं वाटायचं. चघळायला च्युइंगम देण्याची पद्धत आहे, त्याने दोन मिनिटांत थुंकून टाकलं.

१३ ला भोगी, १४ ला संक्रांत. घरात बाजरीची भाकरी, तीळ, गुळपोळी यांचा वास, आणि हा वाटीतल्या पेजेकडे बघत बसलेला. संध्याकाळी क्लासातली चार मुलं तिळगूळ घेऊन आली. "सर, तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाली आणि मग चौघांनाही काय बोललो ते कळून हसू आवरेना. सरांनी पाटीवर लिहिलं, 'उधार'. तिळगुळाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला. मुलांनी निंबाळकर तालमीजवळच्या सुजाताची मस्तानीही आणली होती, आंब्याची. मला वाटलं आता मजा. दोन चमच्यांत त्याने मान हलवली: आंब्याचा आंबटपणा लागला. दुसऱ्या दिवशी मी साधी पिस्त्याची आणली, चमच्याने भरवली, ती अख्खी संपली.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका डोकावले. माणूस प्रेमळ, पण औषधं वाटण्याची हौस. "अरे, डिस्प्रिनच्या दोन गोळ्या पाण्यात विरघळव आणि गुळण्या कर. आमच्या वडिलांचा उपाय." भाच्याने पाटीवर आनंदाने 'आहेत का?' लिहिलंसुद्धा. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ॲस्पिरिनने रक्तातल्या चकत्यांची, म्हणजे प्लेटलेट्सची, चिकटण्याची ताकद कमी होते आणि तो परिणाम आठवडाभर पुरतो. ज्याच्या घशातली खपली आज-उद्या सुटणार आहे, त्याला ते देणं म्हणजे घात. मी काकांच्या हातातून पाकीट काढून घेतलं. काका जरा दुखावले.

ते गेल्यावर मात्र मी सर्जनना फोन लावला आणि वही वाचून दाखवली. ते म्हणाले, "सिस्टर, हे तुम्ही चौथ्या दिवशीच का नाही कळवलंत?" बरोबर होतं त्यांचं. कागदावर का नव्हतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा नाही.

औषध बदललं. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, घड्याळ लावून, दुखो न दुखो. चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. गोळी गिळवत नव्हती, म्हणून सिरप: ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं असेल तर २० मिली. रात्री ट्रामाडॉल, जास्त जोराचं वेदनाशामक. ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं, सर्दीच्या गोळ्यांत असतं, कॉम्बिफ्लाममध्येही असतं. पाकिटामागचं बारीक वाचून सगळ्यांची बेरीज करावी लागते. मी ती वहीत एका रकान्यात करत होते. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं काही सर्जन देतात, काही रक्ताच्या भीतीने टाळतात. आमच्यांनी टाळली. आणि पहाटे तीनचा डोस झोप मोडून द्यायचा, कारण सकाळचा तो पहिला आवंढा त्याच्यावर अवलंबून. औषधानंतर अर्ध्या-पाऊण तासाने खायला-प्यायला बसवायचं. तेवढ्या खिडकीत जितकं पोटात जाईल तितकं.

१५ तारखेला पाणी १५०० झालं. दुखणं ६. बऱ्याच दिवसांनी तो मोठ्याने म्हणाला, "मावशी, चहा."

१६ जानेवारी, पहाटे २:४०

तीनच्या गजराआधीच जाग आली. तो बाथरूमच्या दारात उभा होता, ओंजळ पुढे धरून. तोंडात खारट-लोखंडी चव आली म्हणून उठला, थुंकला तर लाल.

वॉर्डात असते तर हात आपोआप चालले असते. घरात दोन क्षण मी नुसती बघत राहिले. मग खुर्चीवर बसवला, पुढे वाकवून. आडवं होऊ द्यायचं नाही आणि रक्त गिळू द्यायचं नाही; गिळलेलं रक्त पोटात मळमळतं, उलटी होते, उलटीच्या जोराने परत सुरू होतं, आणि शिवाय किती गेलं ते कळत नाही. हातात स्टीलची वाटी दिली: सगळं यात थुंक. फ्रिजमधलं बर्फाचं पाणी तोंडात धरून हलकेच फिरवायला लावलं, खळखळून गुळण्या नाहीत. नाडी ९६. दहा मिनिटांत अर्धी वाटी झाली, लाळ धरून. मग कमी होत गेलं आणि थांबलं.

"थांबलं ना मावशी? सकाळी जाऊ," तो म्हणाला. रात्री अडीचला कोणालाही असंच वाटेल. पण असं थोडं येऊन थांबलेलं रक्त कधी कधी मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असते. टॉन्सिल काढल्यावर पहिल्या चोवीस तासांत येतं ते एक; पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना येतं ते दुसरं, आणि हे दुसरं येतं तेव्हा पेशंट घरात असतो, रुग्णालयात नाही. धार लागली असती, गुठळ्या पडल्या असत्या किंवा त्याला चक्कर आली असती, तर मी थेट १०८ फिरवला असता. हे थांबलं होतं, म्हणून तळमजल्यावरच्या काकांचं दार वाजवलं. काका मफलर गुंडाळत, एक शब्द न बोलता, गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले. टिळक रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाटी मी मांडीवर धरली होती. डॉक्टरांना किती गेलं ते तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर टॉर्च मारून म्हणाला, "आता ब्लीडिंग नाहीये. सकाळी ओपीडीत दाखवा." मी म्हटलं, डावीकडे खालच्या टोकाला गुठळी दिसतेय, ईएनटीच्या डॉक्टरांना बोलवा, तोवर आम्ही इथेच बसतो. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. बोलावलं.

ईएनटीच्या रेसिडेंट बाईंनी पाऊण तासात बरंच काही केलं. शिरेत सुई, सलाइन, हिमोग्लोबिन, रक्तगट. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणाने तोंड धुवायला लावलं. मग गुठळी काढली, कारण ती जागेवर बसून राहिली की खालची रक्तवाहिनी नीट आकसू शकत नाही, बाजूने झिरपत राहतं. गुठळीखालून एक बारीक झिरप दिसलीच. ॲड्रेनालिनमध्ये भिजवलेला बोळा चिमट्याने धरून पाच मिनिटं दाबला. शिरेतून ट्रानेक्झॅमिक ॲसिड, रक्त थांबवायचं औषध. थांबलं नसतं तर पुन्हा भूल देऊन थिएटरात शेकावं लागलं असतं. थांबलं. हिमोग्लोबिन १३.०, शस्त्रक्रियेआधी १४.१ होतं. चोवीस तास देखरेखीखाली.

पाणी कमी पडलं म्हणून रक्त आलं का? भाच्याने मला हे विचारलं, ताईने जरा चढ्या आवाजात विचारलं. प्रामाणिकपणे, तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. भरपूर पिणाऱ्यांनाही येतं. डाव्या बाजूला जुना व्रण होता, तिथेच आलं. पण ते तीन दिवस तो जसा कोमेजला, ते मात्र टळलं असतं.

नंतर

१७ ला घरी. पुढचं भराभर झालं. त्याच घड्याळी औषधांवर दहाव्या दिवशी दुखणं ४, बाराव्या दिवशी २. तेव्हा मग एकेक डोस कमी केला, रात्रीचा सगळ्यात शेवटी. कानाचा ठणका तेराव्या दिवशी गेला. आ केल्यावर पांढरं जाऊन गुलाबी दिसायला लागलं, उजवीकडे आधी. सगळ्यांत कमी वजन ६७.६. जिभेवरची धातूसारखी चव पाचव्या आठवड्यापर्यंत रेंगाळली. त्या गॅगच्या दाबाने जिभेच्या नसा रुसतात, बहुतेकांच्या परत येतात.

रथसप्तमीला, म्हणजे सतराव्या दिवशी, वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. तोपर्यंत तिळगूळ द्यायची मुभा असते. लाडू दगड झाला होता. खलबत्त्यात कुटला, मग खाल्ला. एक तीळ कुठे तरी अडकला म्हणून दहा मिनिटं खाकरत होता.

क्लासात पंधरा दिवसांनी परत येतो असं सांगून गेला होता. प्रत्यक्षात एकोणिसाव्या दिवशी गेला, रोज दोनच तास, नवी बॅटरी घातलेल्या माइकवर. स्वरयंत्राला शस्त्रक्रियेत कुणी हात लावत नाही, तरी घशातली जागा मोकळी झाल्याने आवाजाचा घुमारा थोडा बदलतो. मुलं म्हणाली, सरांचा आवाज रेडिओसारखा येतोय. जुलैत पावसात भिजून एकदा घसा दुखला. दोन दिवस, ताप नाही, गोळ्या नाहीत. टॉन्सिल नसलं तरी घसा असतोच.

दोन आठवड्यांच्या तपासणीला मी वही घेऊन गेले होते. सर्जननी चौथ्या ते सातव्या दिवसाचं पान दोनदा वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि म्हणाले, "बदलायला हवं आपलं डिस्चार्ज कार्ड." मागच्या महिन्यात आमच्याच इमारतीतली एक मुलगी तिथूनच टॉन्सिल काढून आली. कागद बघायला मागितला. पॅरासिटामॉल ६५०, तीन वेळा, तीन दिवस, नंतर दुखल्यास. कोऱ्या जागेवर शिक्का तसाच. मी पेन मागून घेतलं, तिच्या आईला सर्जनना फोन लावायला सांगितलं, आणि त्यांनी फोनवर जे जे सांगितलं ते शिक्क्याच्या वर लिहून दिलं.